'भ्रूण' आणि 'गर्भ' : एका समासाची चिकित्सा

एकाच वस्तूस तीन नावे असणे ही भाषेत नवलाची गोष्ट नव्हे. परंतु ती तिन्ही नावे एकाच खोलीत, एकाच वेळी, तीन वेगळ्या तोंडांतून ऐकावयास मिळाली की भाषेच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा हे बरे. काही काळापूर्वी एका तालुक्याच्या गावी रुग्णालयाच्या ओसरीत बराच वेळ बसून राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. समोरच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत स्त्रीभ्रूणहत्या हे महापाप असल्याचे बजावणारा फलक होता. टेबलावर संमतिपत्रांचा गठ्ठा होता, त्यात आरंभापासून अखेरपर्यंत 'गर्भ' हाच शब्द होता. आणि पडद्याआडून परिचारिकेचा आवाज आला, "ताई, बाळाचे ठोके अगदी छान लागतायत हो." फलकावर भ्रूण, कागदावर गर्भ, तोंडी बाळ. त्याच ओसरीत तोंडावर पदर घेऊन बसलेली दुसरी एक बाई कायद्याने तिला मुभा असलेल्या गर्भपातासाठी आली होती, असे नंतर बोलण्याच्या ओघात समजले. तिने तो फलक वाचला असेल काय, आणि वाचला असल्यास त्यातील कोणता शब्द तिला बोचला असेल, या प्रश्नातून हे टिपण निघाले आहे.

आपल्या शब्दकोशांचा परिपाठ असा की 'भ्रूण' पाहावा तर 'गर्भ' हा अर्थ दिलेला सापडतो. संस्कृत कोशपरंपरेचा आधार घेतला तर यात चूक काढता येणार नाही, कारण अमरसिंहानेच मनुष्यवर्गात हे दोन शब्द समानार्थक म्हणून एकत्र बसविले आहेत. परंतु त्याच अमरकोशाच्या नानार्थवर्गात भ्रूण शब्दाला अर्भक असाही एक अर्थ दिला आहे, आणि दुसरा अर्थ देताना नुसते गर्भ न म्हणता स्त्रीचा गर्भ असे विशेषण लावले आहे. म्हणजे पर्याय देणारा कोशकारही या दोन शब्दांच्या व्याप्तीत फरक मानीत होता. मराठी कोशकारांनी पहिली नोंद उचलली, दुसरीकडे लक्ष दिले नाही.

व्याप्तीचा हा फरक केवढा आहे हे गर्भ शब्दाचा मराठीतील संसार पाहिला म्हणजे कळते. संस्कृतात या शब्दाने धारण करणारे आणि धारण केलेले असे दोन्ही अर्थ दाखविले जातात. ग्रीकमध्ये भावाला जो शब्द आहे, अडेल्फोस, त्याचा अर्थ 'एका गर्भातला' असाच असून संस्कृत सगर्भ्य हा शब्द त्याचा जुना भाऊबंद मानला जातो. मराठीने तत्सम रूपात भूगर्भ, गर्भितार्थ, गर्भश्रीमंत असे शब्द राखले आणि तद्भव रूपात तर त्याचे घराणेच उभे केले: केळीचा गाभा, देवळाचा गाभारा, गाभण म्हैस. म्हशीचा गर्भ अवेळी पडला तर ती 'गाभडली' म्हणतात. हा शब्द माणसाच्या बाबतीत कोणी वापरीत नाही. वापरलाच तर तो शिवीसारखा लागतो. माणसासाठी गरोदर, गर्भार, पोटुशी हे शब्द आहेत, आणि त्याहूनही रूढ म्हणजे 'दिवस गेले' हा प्रयोग, ज्यात गर्भाचे नावच घेतलेले नाही. पिकालाही पोट असते. ज्वारीचे कणीस पानांच्या आवरणात भरू लागले की ज्वारी पोटरीत आली असे शेतकरी म्हणतो. सारांश, गर्भ आणि पोट हे शब्द मराठी माणसाच्या घरात, गोठ्यात, शेतात आणि देवळात सर्वत्र वावरतात. यांपैकी एकाही ठिकाणी भ्रूण शब्दाला प्रवेश नाही. भ्रूणाचा तद्भव मराठीत नाही. त्याच्यापासून एखादे विशेषण झाले, क्रियापद झाले, म्हण झाली, असेही नाही.

मग हा शब्द मराठीत राहिला कोठे? तो राहिला 'हत्या' या शब्दाच्या आधाराने. खुद्द संस्कृतातही भ्रूणाचे जे जुने समास आहेत, भ्रूणहन्, भ्रूणघ्न, भ्रूणहत्या, ते सर्व हन् धातूशी बांधलेले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 155व्या सूक्तात, जेथे अरायी नामक अलक्ष्मीला पिटाळून लावले आहे, तेथे हा शब्द सुटा येतो खरा. पण तेथेही ती अलक्ष्मी गर्भांचा नाश करणारी म्हणूनच. पाणिनीने तिसऱ्या अध्यायात (3.2.87) हन् धातूपूर्वी येणारी जी ठरावीक पदे सांगितली त्यांत ब्रह्म आणि वृत्र यांच्या मध्ये भ्रूण बसला आहे. काही शब्द मारेकऱ्याच्या संगतीनेच इतिहासात वावरतात, त्यांपैकी हा एक. पुढे विज्ञानाच्या परिभाषेसाठी जेव्हा तो उचलला गेला तेव्हा परिभाषाकारांनी त्याला कोरा समजून उचलले. तो कोरा नव्हता.

भ्रूणहत्या या जुन्या शब्दात भ्रूण म्हणजे कोण, याविषयी प्राचीनांतच एकमत नव्हते. बौधायन गृह्यसूत्रात विद्येच्या चढत्या पायऱ्या दिल्या आहेत. ब्राह्मण, श्रोत्रिय, अनूचान, ऋषिकल्प, भ्रूण, ऋषी, देव असा तो क्रम आहे. येथे भ्रूण हा पोटातील जीव नसून सूत्रप्रवचनापर्यंत अध्ययन केलेला, ऋषीच्या एकच पायरी खाली असलेला विद्वान आहे. त्यामुळे भ्रूणहन् म्हणजे विद्वान ब्राह्मणाचा वध करणारा, असा एक अर्थ धर्मशास्त्रात प्रतिष्ठित झाला. दुसरा अर्थ गर्भघाती. हे दोन अर्थ एकत्र कसे आले याचे उत्तर वासिष्ठ धर्मसूत्राच्या विसाव्या अध्यायात मिळते, आणि ते उत्तर वाचून आजच्या वाचकाने दचकावे असे आहे. ब्राह्मणाला मारणारा भ्रूणहन् होतो, तसाच अविज्ञात गर्भाला मारणाराही होतो, असे तेथे सांगितले आहे. अविज्ञात म्हणजे ज्याचे लिंग कळलेले नाही असा. त्याला लागूनच कारण दिले आहे: लिंग न कळलेले गर्भ पुरुष होतात, म्हणून. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही अविज्ञात गर्भाच्या घाताला ब्रह्महत्येचेच प्रायश्चित्त सांगितले आहे.

या विधानाचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. भ्रूणहत्या हे महापातकाच्या तोडीचे पातक ठरले ते सर्व गर्भ सारखेच मोलाचे म्हणून नव्हे. पोटातील जीव पुरुष असण्याचा संभव आहे, आणि तो पुरुष पुढे यज्ञ करील, वेद शिकेल, या संभवाचे ते मोल होते. अविज्ञात हे विशेषणच सांगते की विज्ञात गर्भाचा, म्हणजे मुलीचा आहे असे कळलेल्या गर्भाचा, विचार निराळा होता. तेव्हा 'स्त्रीभ्रूणहत्या महापाप' असे आज आपण लिहितो, तेव्हा ज्या शास्त्राच्या अधिकाराने हा शब्द जड झाला आहे, त्या शास्त्राच्या दृष्टीने तो समास जवळजवळ वदतोव्याघात आहे. शब्दाने आपला अर्थ उलटा करू नये असे नाही. शब्द असे वरचेवर करतात, आणि या ठिकाणी उलटा झालेला अर्थ मूळ अर्थापेक्षा न्याय्य आहे हेही उघड आहे. आक्षेप इतकाच की परंपरेचे वजन उसने घेताना ते वजन कोणत्या तागडीत मोजले गेले होते याचा आपल्याला विसर पडला.

आता विज्ञानाकडे वळू. येथे प्रथम नोंदविले पाहिजे की गर्भाच्या आरंभीच्या अवस्थांना निरनिराळी नावे देण्याची पद्धत आपल्याकडे युरोपीय विज्ञान येण्यापूर्वीच होती, आणि ती बरीच सूक्ष्म होती. सुश्रुताने शारीरस्थानात पहिल्या महिन्यातील अवस्थेस कलल म्हटले आहे. दुसऱ्या महिन्यात तो घन होतो. तो पिंडाकार असेल तर पुरुष, पेशीच्या आकाराचा असेल तर स्त्री आणि अर्बुदाकार असेल तर नपुंसक, असे त्याचे मत. तिसऱ्या महिन्यात हात, पाय आणि डोके यांचे पाच उंचवटे दिसतात. चौथ्यात हृदय व्यक्त होते, म्हणून त्या वेळी स्त्रीला दोन हृदये असतात आणि तिच्या ठायी दोन इच्छा वावरतात. आपला 'डोहाळे' हा शब्द या दौहृदाच्या कुळातील. गर्भोपनिषदात आणि पाली वाङ्मयातही कलल, बुद्बुद, पेशी, घन असे शब्द थोड्या फरकाने येतात. पाहण्यासारखी गोष्ट ही की या संपूर्ण मालिकेत भ्रूण नाही. वैद्याला अवस्था मोजावयाची होती, म्हणून त्याने दिसणाऱ्या आकारावरून नावे दिली. भ्रूण हा धर्मशास्त्र्याचा शब्द होता, प्रायश्चित्ताच्या यादीतला. वैद्याच्या सर्व अवस्थांना मिळून एकच नाव होते, ते गर्भ.

जाता जाता, यांपैकी 'पेशी' या शब्दाच्या नशिबी काय आले तेही पाहण्यासारखे आहे. सुश्रुताच्या लेखी ती मुलीच्या गर्भाची दुसऱ्या महिन्यातील आकृती होती आणि मांसाची पेशीही होती. हिंदी परिभाषेने तिला स्नायुमांसात ठेवले व सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या सजीवाच्या घटकाला कोशिका म्हटले. मराठीने त्या घटकालाच पेशी केले आणि मांसासाठी स्नायू हा शब्द घेतला, जो आयुर्वेदात कंडरेसारख्या बंधांचा वाचक होता. एकाच संस्कृत पेटीतून दोन शेजारणींनी दागिने काढले आणि एकीचा कानातला तो दुसरीच्या नाकात गेला. परिभाषा संस्कृतातून घेतली की ती आपोआप भारतभर एकरूप होते, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

आधुनिक जीवविज्ञानाला दोन शब्दांची गरज होती. अवयव घडत असतात तो पहिला काळ, ज्यातील जीवाला युरोपीय भाषा एम्ब्रिओ म्हणतात, आणि घडलेले अवयव वाढत असतात तो दुसरा काळ, ज्यातील जीव फीटस होय. माणसाच्या बाबतीत यांची सीमा फलनापासून आठ आठवड्यांवर मानली जाते. हिंदीने पहिल्याला भ्रूण आणि दुसऱ्याला गर्भ असे शब्द वाटून दिले आणि मराठी परिभाषेने सामान्यतः तीच वाटणी पत्करली. ही वाटणी सर्वस्वी कृत्रिम आहे. परंपरेत तिला आधार नाही. म्हणून ती वाईट ठरत नाही, कारण परिभाषा कृत्रिमच असावी लागते. परंतु कृत्रिम सीमा टिकते ती सर्वांनी पाळली तरच, आणि मराठीत ती विज्ञानाच्या दोन शाखांनीही सारखी पाळलेली नाही. प्राणिविज्ञानाने भ्रूण घेतला. विश्वकोशात त्या शास्त्राची नोंदही भ्रूणविज्ञान अशी आहे. वनस्पतिविज्ञानाच्या नोंदींत मात्र बीजातील अंकुरणाऱ्या भागाला गर्भ आणि त्याच्या अन्नाला पुष्क म्हटलेले आढळते. आणि त्याच अन्नाला शालेय पुस्तके भ्रूणपोष म्हणतात. म्हणजे हरभऱ्याच्या दाण्यात कोशाच्या वाचकाला गर्भ सापडतो आणि शाळेच्या मुलाला भ्रूण. माझ्या मते येथे वनस्पतिविज्ञान शहाणे ठरले. ज्या गाभ्याला शेतकरीही ओळखतो त्याच्याशी त्याने नाते तोडले नाही.

विज्ञानाची ही सीमा पुढे कायद्यातही शिरली, आणि येथून आपल्या मुख्य विषयास आरंभ होतो. महाराष्ट्राने 1988 साली, देशात सर्वप्रथम, गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. 1994 साली केंद्राचा कायदा झाला, तो 1996च्या आरंभी अमलात आला, आणि 2003च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीपर्यंत वाढविण्यात आली. त्या दुरुस्तीत या दोन्ही संज्ञांच्या व्याख्या घातल्या आहेत: फलनापासून 56 दिवस पुरे होईपर्यंत पहिली अवस्था, 57व्या दिवसापासून जन्मापर्यंत दुसरी. 2021च्या सरोगसीविषयक कायद्यानेही हीच मोजणी स्वीकारली. (डॉक्टर मंडळी आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, कायदा फलनापासून मोजतो, त्यामुळे कायद्याचा आठवा आठवडा हा रुग्णपत्रिकेवर साधारण दहावा असतो. हाही घोळ पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.)

आता प्रश्न असा की सोनोग्राफीने गर्भाचे लिंग कधी दिसते? बाह्य जननेंद्रिये आरंभीच्या काळात मुलाची व मुलीची सारखीच असतात. त्यांतील भेद साधारणपणे बाराव्या आठवड्याच्या सुमारास स्पष्ट होतो. 1980च्या दशकात मुंबईत ज्या तपासणीचा सुळसुळाट झाला होता, ती गर्भजलाची तपासणी तर त्याहूनही उशिरा, पंधराव्या-सोळाव्या आठवड्याच्या पुढे केली जाई. याचा अर्थ, सोनोग्राफीत मुलगी आहे असे पाहून जो गर्भ पाडला जातो, तो विज्ञानाच्या आणि कायद्याच्या भाषेत भ्रूण नसतोच; भ्रूणावस्था संपून काही आठवडे लोटलेले असतात. खऱ्या भ्रूणाची लिंगपरीक्षा होते ती प्रयोगशाळेतील काचपात्रात, रोपणापूर्वी. आणि तेथे जे घडते त्याला निवड म्हणतात, हत्या कोणी म्हणत नाही. तेव्हा 'स्त्रीभ्रूणहत्या' या समासातील भ्रूण हा पाठ्यपुस्तकातला भ्रूण नसून धर्मशास्त्रातलाच आहे. फलक विज्ञानाच्या इमारतीत टांगलेला असला तरी त्यावरील शब्द तेथून आलेला नाही.

समासाचे इतर दोन अवयवही तपासू. 'स्त्रीभ्रूण' याचा विग्रह आपण 'स्त्री असलेला भ्रूण' असा करतो. परंतु अमराने भ्रूणाला जे विशेषण लावले आहे त्याच्या अनुरोधाने 'स्त्रीचा भ्रूण' हा विग्रहही तितकाच सरळ आहे, आणि त्या अर्थी पाहिले तर प्रत्येक भ्रूण स्त्रीभ्रूणच. हा व्याकरणाचा खेळ वाटेल. पण व्यवहारात नेमके हेच झाले आहे. मुलगी नको म्हणून केलेला गर्भपात आणि स्त्रीने आपल्या कारणाने केलेला गर्भपात, हे दोन्ही त्या फलकाखाली बसलेल्या माणसांना एकच वाटू लागले आहेत. राहिला शब्द 'हत्या'. संस्कृतात हे रूप स्वतंत्र वावरत नाही, पाणिनीच्या व्यवस्थेत (3.1.108) ते पूर्वपद असतानाच सिद्ध होते, ब्रह्महत्या, गोहत्या असे. मराठीने ते सुटे केले आणि वृत्तपत्रांनी त्याला खुनाच्या जागी बसविले. त्यामुळे जुन्या समासात जे पातक होते ते मराठीत येताना गुन्हा झाले, आणि जेथे प्रायश्चित्त होते तेथे आरोपी उभा राहिला. हा आरोपी कोण? समासात मारणाऱ्याचा उल्लेख नाही. मात्र पूर्वपदी स्त्री असल्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष प्रथम तिच्याकडेच जाते. सासर, सोनोग्राफी करणारा, त्याला पैसे मोजणारा, यांपैकी कोणाचीही सावली या शब्दात पडत नाही.

याउलट ज्या कायद्याला लोक सर्रास स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धचा कायदा म्हणतात, त्याच्या नावात भ्रूणही नाही आणि हत्याही नाही. त्याचा रोख निदानतंत्रावर आणि लिंगनिवडीवर आहे. गर्भपाताचा कायदा निराळा, 1971चा. 2021च्या दुरुस्तीनंतर तो वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टराच्या आणि काही वर्गांतील स्त्रियांसाठी चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर, त्याने ठरविलेल्या कारणांसाठी, गर्भपाताची मुभा देतो. पहिला कायदा सांगतो की लिंग पाहू नका. दुसरा सांगतो की ठरलेल्या मर्यादेत स्त्रीला गर्भ वागविण्याची सक्ती नाही. या दोहोंमधील भिंत शब्दांनीच उभी राहते आणि शब्दांनीच पडते. 1980च्या दशकाच्या मध्यास मुंबईत ज्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर चळवळ उभी केली, त्यांनी आपल्या मंचाच्या नावात लिंगनिदान आणि लिंगनिवड हेच शब्द घातले होते. पुढे प्रचाराची सूत्रे सरकारी फलकांच्या आणि प्रवचनांच्या हाती गेली तेव्हा ते शब्द मागे पडले आणि पापाचा शब्द पुढे आला.

आपल्याच प्रांतात याहून जुने आणि अधिक नेमके उदाहरण आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात जे गृह काढले त्याचे नाव बालहत्या प्रतिबंधक गृह असे होते. फसलेल्या विधवांनी तेथे येऊन बाळंत व्हावे आणि जन्मलेले मूल जगावे, हा उद्देश. त्या नावात बाल आहे, भ्रूण नाही. आणि ज्या स्त्रियांना आसरा द्यावयाचा त्यांना पातकी ठरविणारे एक अक्षरही नाही. भ्रूणहत्या हा शब्द त्या काळच्या सुशिक्षितांना अपरिचित नव्हता. तो टाळला गेला तो योगायोगाने टळला असे मला वाटत नाही.

या विवेचनावर एक आक्षेप येणे साहजिक आहे, आणि तो पोकळ नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991च्या जनगणनेत 946 होती. ती 2001 साली 913 आणि 2011 साली 894 झाली. घर पेटलेले असता हाक कोणत्या विभक्तीत मारावी याची चर्चा कोण करील? लोकांना हलविणारा शब्द हवा होता, आणि 'लिंगनिवड' या शब्दाने कोणी हलत नाही. तो भाजी निवडल्यासारखा थंड आहे, त्यात ज्या मुली जन्मल्या नाहीत त्यांची आठवणही उरत नाही. हे मला मान्य आहे. परंतु वरचेच आकडे पुन्हा पाहावेत. भ्रूणहत्येचे फलक ज्या दशकांत गावोगाव लागले, त्याच दशकांत संख्या घसरत गेली. यावरून फलकांनी नुकसान केले असे सिद्ध होत नाही. शब्दाच्या उष्णतेने काम होते हेही मात्र सिद्ध होत नाही. दुसरे असे की, 'मुलीचा गर्भ पाडणे' हा साधा मराठी शब्दप्रयोग थंड नाही. त्यात कृती आहे, कारण आहे, आणि पाप-पुण्याचा निवाडा ऐकणाऱ्यावर सोपविलेला आहे. 'मुलगी म्हणून गर्भ पाडणे' असे म्हटले तर तो अधिकच नेमका होतो, कारण दोष गर्भ पाडण्यात नसून 'म्हणून' या शब्दात आहे हे त्यातून दिसते. शासकीय मराठीला क्रियापदांचे वावडे असल्यामुळे असा प्रयोग फलकावर येणे कठीण. आपल्याकडे जे तीन तत्सम नामांच्या जोडाने सांगता येत नाही ते सांगण्यासारखे नाही, अशी समजूत झालेली आहे.

गर्भपात या शब्दाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जुन्या वैद्यकात चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ जाणे याला स्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, शरीर स्थिर झाल्यावर जाणे याला पात, असा भेद होता. मराठीने तो सोडून दिला आणि आपोआप झालेला व घडवून आणलेला असे दोन्ही प्रकार एकाच शब्दात कोंबले. फरक राहिला तो क्रियापदात: गर्भपात झाला, गर्भपात केला. ज्या बाईला तीनदा गर्भपात 'झाले' तिच्याकडेही पुढे शेजारीण संशयाने पाहू लागते, याचे थोडे श्रेय या शब्दाला आहे.

तेव्हा पुढील कोशात भ्रूण या शब्दाची नोंद कशी असावी? नुसता 'गर्भ' हा पर्याय देऊन भागणार नाही. जीवविज्ञानातील मर्यादित अर्थ, 56 दिवसांच्या सीमेसह, प्रथम यावा. धर्मशास्त्रातील दोन्ही अर्थ, विद्वान ब्राह्मण आणि अविज्ञात गर्भ, त्यांच्या कारणासह यावेत. आणि रूढ समासातील अर्थ हा या दोहोंपासून निराळा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील प्रचारभाषेत घडलेला, असे स्वच्छ सांगावे. राहता राहिले लिंग, म्हणजे शब्दाचे लिंग, आणि ही बाब वाटते तितकी क्षुल्लक नाही.

कोश भ्रूणाला पुल्लिंगी मानतात. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मात्र 'ते भ्रूण' असे वारंवार आढळते, आणि आम्ही परीक्षक त्याखाली तांबडी रेघ ओढतो. या चुकीला कारण आहे. मराठीत ज्याला कोणीतरी पाजते, भरवते किंवा पंखाखाली घेते असे लहान जीव बहुतेक नपुंसकलिंगी असतात: मूल, पोर, बाळ, लेकरू, अर्भक, गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू, हरिणीचे पाडस, चिमणीचे पिल्लू. छावा आणि बछडा हे वाघासिंहांच्या घरचे, त्यांनी पुल्लिंगाचा ताठा लहानपणापासून धरला आहे. ते अपवाद म्हणून सोडून द्यावेत. रोपही नपुंसक, रोपटेही. उलट ज्याला आई सांभाळीत नाही त्या लहान जिवाला मराठी नपुंसक करीत नाही: अळी स्त्रीलिंगी, सुरवंट पुल्लिंगी. मराठी माणसाच्या लेखी अळी ही कोणाचे लेकरू नसून एक स्वतंत्र उपद्रवी प्राणी आहे. गंमत अशी की त्याच सुरवंटाचे पुढे फुलपाखरू होते, आणि तो पूर्ण वाढलेला कीटक, केवळ पाखरू या शब्दामुळे, नपुंसक होऊन बसतो. शेतकरी मात्र तुडतुड्याच्या पंख न फुटलेल्या पोरांना पिल्लेच म्हणतो. ती दिसायला मोठ्यांसारखीच असतात, म्हणून कदाचित.

या व्यवस्थेत 'तो गर्भ' बसतो, कारण गर्भ हा शब्द अजून आवरणाचा, गाभ्याचा अर्थ सोडीत नाही. 'तो भ्रूण' बसत नाही. विद्यार्थ्याच्या मनात भ्रूण म्हणजे एक लहानसा जीव असतो, आणि लहानसा जीव म्हटला की त्याची जीभ 'ते' म्हणते. व्याकरणाच्या दृष्टीने ती चूक खरीच. पण ऋग्वेदातील ज्या ऋचेत हा शब्द आला आहे तेथे त्याचे रूप नपुंसकलिंगी अनेकवचनाचे आहे. गेल्या परीक्षेपासून प्रस्तुत लेखकाने त्या शब्दाखाली रेघ ओढण्याचे सोडून दिले आहे.